सगळ्यांना येईल असा

ऑफिसात त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. वय पन्नाशीला टेकलेलं, पण वेबसाइट बांधायचा नवा फ्रेमवर्क आला की हा माणूस पुन्हा पहिलीत बसायला तयार. शिकायची पद्धत ठरलेली. बायको शिवणकाम करायची. तिच्या गिऱ्हाइकांची मापं ठेवायचं पान ते प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये नव्यानं बांधायचे. वहिनी वैतागायच्या, "परत बटणं हलवलीत? आता छाती कुठे टाकू आणि कंबर कुठे?"

गेल्या वर्षी साहेबांनी जाहीर केलं की सगळं काम नव्या फ्रेमवर्कवर न्यायचं. दोन पुढे आले होते. त्यांतला कुठला घ्यायचा ते गुरुजींनी ठरवायचं, बाकीच्यांना शिकवायचंही त्यांनीच. आणि जाता जाता साहेब म्हणाले, काम हललं की माणसं कमी करू. आवाज असा, की जणू चहा सांगतायत.

मी बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परतले होते. झोप नाही, डोकं जागेवर नाही. तरी एवढं कळत होतं की दोन्हींपैकी एक महाकिचकट आहे आणि तो गुरुजींशिवाय कुणाच्या बापाला झेपणार नाही. जेवताना मी त्यांना स्पष्टच सांगितलं, "किचकट तोच घ्या. मग तुम्हाला काढायची कुणाची टाप नाही."

"आणि तुझं काय?"

"माझं मी बघेन."

"डोंबल बघशील. ये इकडे."

मापांचं पान त्यांनी दोन्हींत बांधून आणलं होतं. म्हणाले, यात बाहीचा एक रकाना वाढव. किचकटमध्ये मी दुपारभर डोकं फोडलं. बाही आली नाहीच, वर कंबरही गायब झाली आणि मला रडू कोसळलं. दुसऱ्यात चहा निवायच्या आत झालं. त्यांनी लगेच साहेबांना दुसरा कळवून टाकला. मला भयंकर राग आला त्यांचा. एवढा हुशार माणूस, आणि स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतो.

मग शिकवलं. तेच तेच विचारलं तरी न चिडता, खुर्ची ओढून शेजारी बसून. काम मुदतीच्या आधी हललं. साहेबांनी केक कापला, गुरुजींना पहिला तुकडा भरवला. पुढच्याच आठवड्यात त्यांना आत बोलावलं. आता हे सगळ्यांनाच येतं, गुरुजी. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला इथे अडकवून ठेवणं बरं दिसत नाही. मेल्याची जीभ कशी झडली नाही, देव जाणे.

माझी नोकरी राहिली.

परवा त्यांना फोन केला. एका मुलाखतीहून नुकतेच परतले होते. समोर बसलेल्या पोरानं विचारलं, कुठल्या फ्रेमवर्कवर काम केलंय? यांनी सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "तो काय, कुणालाही येतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो. येतो सगळ्यांना."

बाळ मांडीवर झोपलं होतं, पुढ्यात ऑफिसचं काम उघडं होतं.

"रकाना जमतो ना आता?" त्यांनी विचारलं.

"जमतो," मी म्हटलं.