खुनी कोण, ते प्रेताला माहीत

"कुठं अटकले?"

सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्याला तो एवढंच विचारायचा. कसा वाटला, आवडला का, असलं काही नाही. खराडीच्या आमच्या ऑफिसात तो टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरताना माणूस कुठं अडकतो, हे शोधणं त्याचं काम. यवतमाळकडचा, म्हणून अडकण्याला तो अटकणं म्हणायचा. तो येताना दिसला की प्रोग्रामर मंडळी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जात. असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल.

या गृहस्थानं नोकरी सांभाळून चित्रपट काढला. खुनाचा. धायरीतल्या एका अर्धवट इमारतीच्या तळघरात, रविवार-रविवार करून. नट आम्हीच, ऑफिसातले. मी प्रेत होतो. हसू नका, ओल्या फरशीवर श्वास रोखून पडायलाही अंगात काही लागतं.

खुनी कोण, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नव्हता. नटांनाही त्यानं पत्ता लागू दिला नाही. "खुन्याला कळलं, की तो खुन्यासारखा वागते," म्हणायचा. मी फारच पिच्छा पुरवला तेव्हा माझ्या कानाशी वाकून नाव सांगितलं. "तुम्हाला सांगतो भाऊ. प्रेत काही बोलत नाही."

चित्रपट लागला. एकाच थिएटरात, दुपारचा एकच खेळ. एका समीक्षकानं लिहिलं, पडद्यावर इतका अंधार की वीज गेली असं वाटून आपण उठणार होतो. दुसऱ्यानं लिहिलं, सगळ्या कलाकारांत प्रेताचाच अभिनय तेवढा सहज आहे. ते कात्रण माझ्या पाकिटात अजून आहे.

प्रेक्षकांनीही हात राखला नाही. पेठेतले एक काका मध्यंतरातच बाहेर आले.

"कुठं अटकले काका?"

"तिकिटाच्या खिडकीपाशी. तिथूनच मागं फिरायला हवं होतं."

यावर सगळ्यांत जास्त तोच हसला.

चार दिवसांनी वितरकाचा निरोप आला. शेवटी पोलीस खुन्याला धरतात असा छोटा प्रसंग जोडा, आणखी थिएटरं मिळवून देतो. नाहीतर शुक्रवारी चित्रपट उतरेल. आम्ही म्हटलं, अरे बाबा, जोडून टाक. एवढे रविवार घातलेस, निदान चार माणसं तरी बघतील. तो म्हणाला, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी खेळ सुटायच्या वेळी तो मला थिएटरच्या पार्किंगमध्ये घेऊन गेला. पाहतो तर तेच काका! या वेळी काकूंना घेऊन आले होते, आणि स्कूटरपाशी दोघांची जुंपली होती.

"अहो, खुनी तो धाकटा भाऊच," काकू म्हणत होत्या.

"तुला अंधारात दिसला वाटतं?"

"दिसला नाही, म्हणूनच म्हणते. बाकीचे सगळे दिसत होते की."

शेजारी हेल्मेट घालून निघालेला एक मुलगा हेल्मेट काढून परत आला आणि म्हणाला, भाऊ नाही, वॉचमन. मग आणखी दोघं थांबले. स्कूटर काही सुरू होईना, कारण ती सुरू करायचं कुणाला सुचतच नव्हतं.

"पाहा ना भाऊ," तो हळूच म्हणाला, "हे असे अटकले पाहिजे. आता यांना सोडवायचं काऊन? कशासाठी?"

प्रसंग जोडला नाही. शुक्रवारी चित्रपट उतरला. आम्ही कपाळाला हात लावला, आणि तो सोमवारी नेहमीसारखा कामावर आला.

गेल्या वर्षी तो गेला. हृदयविकार, काही कळायच्या आत. सिनेमातलं प्रेत अजून कॅन्टीनमध्ये डबा खातंय आणि तो नाही, हे मला पटतच नाही. पण तुम्हाला सरळ सांगतो, असा माणूस आपल्या टेबलावर जेवायचा याचा मला अभिमान आहे.

हल्ली ऑफिसातली नवी पोरं तो सिनेमा मोबाईलवर पाहतात आणि कॅन्टीनमध्ये तावातावानं भांडतात. परवा एक जण ताट घेऊन माझ्याकडेच आला.

"सर, तुम्ही होतात ना त्यात? प्लीज सांगा, भाऊ की वॉचमन?"

आता ते नाव माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. मी डब्याचं झाकण लावलं.

"प्रेत काही बोलत नाही," म्हटलं, आणि उठलो.