पालखीपुढे ‘शिरा पडो’

शिमग्यात सातेरीदेवीची पालखी घरोघर फिरते. मथुरा लग्न होऊन या वाडीत आल्यापासून ती तिच्या दारात थांबली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. एकतीस शिमगे. अंगात ताप असताना, घरावरची कौलं उतरवलेली असताना, मुलगी पोटात असताना तिने दारात पाट मांडला, देवीची ओटी भरली आणि पालखी दारातून उचलल्यावरच तोंडात पाण्याचा थेंब घेतला. अशा बाईला बत्तिसाव्या वर्षी निरोप यावा, की यंदा पालखी तुमच्या दारावरून सरळ पुढे जाईल. आणि तोही कशापायी, तर नवऱ्याच्या एका पितळी ट्रंपेटपायी!

नवरा गुरुदास. एसटीत ड्रायव्हर होता. मालवण-कसाल रस्त्यावरच्या खड्ड्यांशी त्याची घरच्यासारखी ओळख. लग्नाआधी तो वरातीच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. नोकरी लागली आणि ट्रंपेट माळ्यावर गेला. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला बसतात, देवळाच्या कमिटीत जातात, निदान माडांना आळी तरी करतात. गुरुदास शिडी लावून माळ्यावर चढला, ट्रंपेट खाली आणला आणि मथुराने आमटीसाठी भिजत घातलेली चिंच घेऊन तो लखलखीत घासला. आमटी त्या दिवशी कोकमावर भागवावी लागली.

वाजवायचा तर कुठे? घरात मथुरा वाजवू देईना, म्हणून तो संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन वाजवू लागला. तिथे तो रियाने ऐकला. रिया मथुराच्या मावसबहिणीची मुलगी. तारकर्लीला पर्यटकांसाठी चार खोल्या चालवायची आणि उरलेल्या वेळात होड्या ठेवायच्या मांगरात आणखी दोघांना जमवून गिटार बडवायची.

‘काकानू, आमका ट्रंपेट व्हयो. त्याच्याशिवाय स्का होवचा नाय,’ ती म्हणाली.

‘काय होवचा नाय?’ मथुराने विचारलं.

‘स्का, मावशी. संगीताचो प्रकार. आमी थोडो स्का, थोडो पंक वाजवतो.’

मथुराने एकदा मांगरात जाऊन ते ऐकलंही. वीस वर्षं भजनात टाळ धरलेली बाई ती. तिच्या लगेच ध्यानात आलं, की जिथे टाळ पडायला हवा तिथे ही पोरं गप्प बसतात, आणि जिथे माणसाने श्वास घ्यायचा तिथे नेमकी गिटार वाजवतात. हा त्यांचा स्का. पंक म्हणजे त्यावर रिया घसा फुटेस्तोवर ओरडते तो. आणि या सगळ्यातून गुरुदासचा ट्रंपेट वरातीचा घोडा उधळावा तसा धावत होता. साठीचा माणूस, गळ्याच्या शिरा टरारलेल्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मथुराला मुलीच्या बारशाची आठवण झाली. त्यामुळे तर ती जास्तच चिडली.

‘नाव काय ठेवलास बँडाचा?’

‘शिरा पडो,’ ड्रम वाजवणारा विनीत म्हणाला.

मथुराने कपाळावर हात मारला. ‘वाटोळं होवो’ अशा अर्थाची ही शिवी तिने स्वतः आयुष्यात दोनदा दिली होती, तीही ताटातले बांगडे पळवणाऱ्या बोक्याला.

‘शिरा पडो? कोणाच्या तोंडार?’

‘ज्याका लागात तेच्या,’ रिया शांतपणे म्हणाली.

आणि लागायला लागलं. कसालच्या बाजारात गणपतीच्या मंडळाने त्यांना स्टेज दिलं. समुद्राकडे जाणाऱ्या पाणंदीवर एका रिसॉर्टवाल्याने फाटक बसवलं होतं, त्यावरचं गाणं त्यांनी तिथे म्हटलं. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि आठ दिवसांत ते गाणं मथुराला मासळी बाजारात, रिक्षात, दळणाच्या गिरणीत ऐकू येऊ लागलं. मग कुडाळ झालं, कोल्हापूरचं कॉलेज झालं, पणजी झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरने गुरुदासला काळा चष्मा दिला होता. तो घालूनच तो स्टेजवर गेला, तर पोरांना वाटलं ही फॅशन आहे. पुढच्या कार्यक्रमाला समोरची शंभर पोरं काळे चष्मे घालून हजर! तालुक्याचे पुढारी भाई यांनी वाढदिवसाला बोलावणं धाडलं. रियाने कळवलं, ‘येऊ, पण फाटकाचं गाणं पहिलं म्हणू.’ पुन्हा भाईंचा फोन आला नाही. वाडीतले लोक मथुराला विचारू लागले, ‘गे, घोव तुझो खंय? मुंबैक गेलो काय वाजवूक?’ नवऱ्याबद्दल काय उत्तर देण्यासारखं राहिलं होतं?

इथवरही तिने सोसलं असतं. पण कार्तिकात मालवणच्या बंदरावर कार्यक्रम झाला आणि तिथे त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

गाऱ्हाणं म्हणजे गावाने देवाला घातलेली हाक. मानकरी उभा राहून एकेक मागणं देवापुढे ठेवतो आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. वाडीत हा मान गुरुदासच्या थोरल्या भावाचा, दाजींचा. रियाच्या डोक्यात आलं, की झगझगीत दिवे लावून किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांची मासळी पिल्लांसकट पळवणाऱ्या बोटींवर गाणं करायचं, आणि ते गाऱ्हाण्यासारखंच करायचं. म्हणणार कोण? लहानपणापासून ऐकलेलं गुरुदासलाच तोंडपाठ.

‘बा सातेरी माये! ह्ये जे लायटीचे बोटी आमच्या दर्यात रातीक रात ठेवणत नाय, रापणकाराच्या ताटातला उचलून नेतत, तेंका इल्या वाटेन परत फिरव, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सहाशे लोक ओरडले.

लिहिलेलं गाणं इथे संपत होतं. पण गाऱ्हाणं कधी मागण्यावर संपत नाही. देवाकडे मागितलं, की त्याला काय देणार तेही सांगायचं असतं. गुरुदासची जीभ सवयीने पुढे गेली.

‘आणि तेंका फिरवलंस, तर येत्या शिमग्याक तुझ्या पालखीफुडे ह्यो आमचो बँड वाजवत आणू, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

तिसऱ्या दिवशी दाजींची बायको राधाबाई निरोप घेऊन आली. ओसरीवरही बसली नाही, दारापुढच्या खळ्यातच उभी राहून बोलली. ‘मथुरा, माझ्यार रागाव नको. ह्यांनी सांगितल्यानी तसा सांगतंय. गुरुदासभावजीनी मान नसताना गाऱ्हाणा घातला, ताही तमाशात. ते बँड सोडून देवीकडे माफी मागणत नाय, तोवर पालखी तुमच्या दाराकडे थांबूची नाय.’

त्यानंतरचा महिनाभर मथुराने नवऱ्याला काय काय ऐकवलं, त्याची यादी करायची तर वही पुरणार नाही. तो पेजेला बसला की ती सुरू व्हायची.

‘साठ वर्षा झाली, आता शोभता ह्या? नातू येतलो उद्या, तेका काय सांगतल्यात? आजो शिरा पडो म्हणून फिरता?’

‘गो, पण आमी चांगल्यासाठीच...’

‘चांगल्यासाठी देवळात घंटा वाजवा. माझी पालखी माका व्हयी. बाकी माका कायएक सांगू नका.’

गुरुदास भांडणारा माणूस नव्हता. पौष लागायच्या आत त्याने रियाला कळवलं, ट्रंपेट फडक्यात गुंडाळला आणि देवळात जाऊन, कान धरून माफी मागितली. दाजी म्हणाले, ‘बरा झाला.’ पालखीचं ठरलं. मथुराला वाटलं, सुटलो एकदाचे. फक्त गुरुदास संध्याकाळी किनाऱ्यावर जायचा बंद झाला. ओसरीवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या एसट्या मोजू लागला. तिने तिकडे बघायचं टाळलं.

आणि पौषातच समुद्रावरचे दिवे गेले. गस्तीची बोट फिरू लागली म्हणून गेले, की पलीकडे जास्त मासळी लागली म्हणून, ते कुणाला ठाऊक. पण गेले. बारा दिवसांनी रापणीला बांगडा लागला, तो असा, की ओढणाऱ्यांचे हात सोलले. रापणकार टोपलीभर बांगडे घेऊन गुरुदासच्या खळ्यात आले.

‘गुरुदासानू, तुमचा गाऱ्हाणा लागला!’

गुरुदास कसनुसं हसला. मथुरा मात्र विळीवर बसल्या जागी गार झाली. गाऱ्हाणं लागलं म्हणजे नवस फेडायला हवा. पालखीपुढे बँड, असं सहाशे तोंडांनी देवीला सांगितलं होतं. आणि तो बँड तर हिनेच, महिनाभर डोकं खाऊन, मोडला होता! आता पालखी दारात आली तरी कुठल्या तोंडाने ओटी भरायची? देवी विचारणार नाही, की बायो, माझं वाजवणं कुठे ठेवलंस?

‘सगळ्या जगाक सोडून ह्या माणसाक नवस बोलाक सुचलो,’ ती बांगडे कापता कापता म्हणाली. ‘नारळ बोलायचो, साखर बोलायची. बँड बोललो!’

‘आता काय करूया?’ गुरुदासने विचारलं.

‘काय करूया म्हणजे? त्या रियाक फोन लावा. आणि त्या ट्रंपेटाचा फडका सोडा.’

दाजींकडे ती एकटी गेली. बत्तीस वर्षांत थोरल्या दिराशी ती दारामागून बोलत आली होती. त्या दिवशी समोर उभी राहिली.

‘भावजी, नवस फेडूक व्हयो.’

‘मान नसलेल्या माणसाचो नवस कसलो?’

‘मान नसलेल्याचा गाऱ्हाणा देवीन आयकला कित्याक मगे?’

दाजींनी पानाचा डबा उघडला, बंद केला. ‘माझ्या पालखीफुडे तो शिमगो मी वाजवूक देवचंय नाय.’

‘शिमग्यात नाय वाजवूचा तर कधी वाजवूचा? आणि पालखी तुमची नाय भावजी, तिची. तिकाच इचारा. कौल लावा.’

कौलाला नाही म्हणणं दाजींच्या हातात नव्हतं. वाडीत आजवर कुणालाच ते म्हणता आलेलं नाही. देवीच्या पाषाणाला फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सोमवारी सकाळी वाडी जमली. रिया, विनीत, बँडमधलीच तेजस्वी आणि गुरुदास मंडपात अंग चोरून उभे. गुरवाने कळ्या लावल्या. दाजी सुरू झाले.

‘बा सातेरी माये, ह्या पोरांका बँड वाजवूक परवानगी...’

‘तसा नाय,’ मथुरा बायकांतून बोलली. ‘परवानगीचो प्रश्न नाय, भावजी. नवस फेडूचो काय नाय, असा इचारा.’

कुणीतरी हसू दाबलं. दाजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग परत देवीकडे.

‘बरा. माये, जो नवस बोललो गेलो, तो फेडून घेतलंस काय? कोणी बोललो, तर... ह्या वाजवणाऱ्यांनी.’

‘नाव सांगूक व्हया ना?’ रापणकारांपैकी एकजण म्हणाला. ‘देवीक कळाक व्हया, कोणाचो नवस.’

‘तिका ठावक आसा,’ दाजी गुरगुरले. ते नाव देवीच्या पुढ्यात घ्यायला त्यांची जीभ काही वळली नाही.

कळी पडेना. एक घटका गेली. मथुराचे हात जोडून जोडून दुखायला लागले. या बाईलाही आजच वेळ लावायचा होता! शेवटी उजवीकडची कळी हलली आणि टपकन खाली आली.

‘वाजवा,’ दाजी म्हणाले.

इतकं झाल्यावर शिमगा तरी सरळ पार पडावा? मथुराने पहाटे खळं सारवलं, रांगोळी घातली, पाट मांडला, ओटीचं ताट तयार केलं. उपास धरला. पालखी दरवर्षी अकराच्या सुमारास तिच्या दारात येते. यंदा अकरा वाजता ट्रंपेट तिसऱ्या घराकडे ऐकू येत होता. बारा वाजता चौथ्या. प्रत्येक घरात पोरं म्हणत होती, ‘आमचा गाणा झाला नाय!’ आणि तो बँड प्रत्येकाचं गाणं वाजवत होता. पालखीचे भोई त्या उफराट्या तालावर असे नाचत होते, की पालखी दोन पावलं पुढे आणि तीन मागे. खिरीवर साय धरली. हळद-कुंकवावर धूळ बसली. शेजारच्या तरुण सुनेला उपासाने घेरी आली, तिला माजघरात निजवावं लागलं.

चारला दहा मिनिटं असताना पालखी मथुराच्या खळ्यात शिरली. पुढे रिया, घसा बसलेली. विनीतच्या गळ्यात ताशा, कारण त्याचे ड्रम पाणंदीतून येईनात. आणि काळा चष्मा लावलेला, घामाने निथळणारा गुरुदास तंद्री लावून वाजवतोय. आपल्या घराशी आलो हेही त्या माणसाला कळलेलं नाही.

‘बस करा!’ मथुरा ओरडली. ‘देवी दारात इली हा!’

ट्रंपेट अर्ध्या सुरात थांबला. पालखी पाटावर टेकली. मथुराने ओटी भरली, नारळ ठेवला, डोकं टेकलं. पोटात कावळे ओरडत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. कशाने, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. दाजींनी घराचं गाऱ्हाणं घातलं, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला रियाचा फुटका आवाज सगळ्यांच्या वर होता.

भोयांनी पालखी उचलली. आता मथुराने आत जाऊन पाणी प्यायला हरकत नव्हती. राधाबाईने तांब्या पुढेही केला. पण अजून सतरा घरं राहिली होती. सतरा दारांत सतरा बायका सकाळपासून पाणी न पिता उभ्या होत्या, आणि विनीत ताशा सरसावत विचारत होता, ‘काकानू, हयसर फाटकाचा गाणा एकदा घेवया?’

मथुराने तांब्यातलं पाणी उभ्याउभ्या घटाघटा प्यायलं, पदर खोचला आणि बँडच्या पुढे जाऊन उभी राहिली.

‘एका घराक एक गाणा,’ ती म्हणाली. ‘ताही चालता चालता. फुडे व्हा.’