अकरा नंबरच्या दारामागचे खिळे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार असतील, तर ते मरोळच्या आमच्या चाळीतल्या अकरा नंबरच्या मावशीचे. ती मासे विकायची. मी गावाकडून आलो तेव्हा आमच्या घरातला पहिला पदवीधर होतो, पण मुंबईत ओळखीचं कुणी नव्हतं. खोलीच्या मालकाने विचारलं, "तुझी हमी कोण देणार?" डोक्यावरची पाटी उतरवत मावशी म्हणाली, "मी देते. तोंड बघ ना त्याचं, हा काय पळतोय?" तिला माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

चाळीतल्या बहुतेक घरांची दुसरी चावी तिच्या दारामागच्या खिळ्यांवर टांगलेली असायची. दुपारी ती परतायची आणि मग कुणाचा सिलिंडर आत घे, कुणाचं पाणी भर, हे चालायचं.

लॉकडाऊनमध्ये चाळकमिटीने मला सेक्रेटरी केलं, कारण मी शिकलेला आणि माझं अक्षर चांगलं. पाण्याच्या वेळा, भाजीची गाडी, सगळं मी फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचो. एका सकाळी मावशीचा खोकला ऐकू आला. तिला काही न विचारता मी लिहिलं, 'खोली क्र. ११. संशयित. संपर्क टाळावा.' खाली रेघसुद्धा मारली.

चार दिवसांनी तिच्या तपासणीचा रिपोर्ट आला. तिला काहीच झालेलं नव्हतं. मी ओळ पुसली, पण तोवर एकेक जण रुमाल बांधून दारात उभा राहून आपापली चावी घेऊन गेला होता. मीही घेतली होती. रिक्षा सुरू झाल्या तशी मावशी खोलीला कुलूप लावून माहुलला बहिणीकडे निघून गेली.

निर्बंध उठले तरी चाळीतली दारं बंदच राहिली. सिलिंडर परत जायचे. गटार तुंबलं म्हणून वॉर्ड ऑफिसला अर्ज करायला मी मीटिंग बोलावली, तर आलो फक्त मी आणि सतरंजी.

शेवटी माहुलला गेलो. मावशी ओट्यावर बोंबील साफ करत होती.

"आला का सेक्रेटरी! लांब उभा राहा, मी संशयित हाय."

"मावशी, चुकलं माझं."

"हे माझ्या कानात नको सांगू. फळ्यावर लिवलंस ना? मग आता पण लिवूनच दे. मला वाचता येत नाय. चाळीत सगळ्यांसमोर वाचून घेईन."

"मग परत येशील?"

"आधी अक्षर तर बघू दे!"

तिची बहीण फिसकन हसली, मग मावशीही. कित्येक महिन्यांनी मला मोकळा श्वास घेता आला.

पुढच्या रविवारी मावशी आली आणि चाळीच्या अंगणात पत्र वाचलं गेलं. दहा नंबरच्या आजींनी ते दोनदा वाचायला लावलं. त्याच सतरंजीवर गटाराच्या अर्जावर सह्या झाल्या. आता खिळे पुरत नाहीत, दोन नवे ठोकावे लागले.

मी पाठवलेलं पत्र हे :

प्रिय मावशी,

तुला माझं नाव माहीत नव्हतं तेव्हा तू माझी हमी दिलीस. मला तुझं सगळं माहीत होतं, तरी समोरच्या तुझ्या दारात न येता मी फळ्याकडे गेलो. घाबरले सगळेच होते, पण लिहिलं मी. तू आजारी नव्हतीस. असतीस, तरी आधी 'जेवलीस का' हे विचारायला हवं होतं. मला सेक्रेटरी ठेवायचं की नाही, ते चाळीने ठरवावं.

सोबत माझ्या खोलीची दुसरी चावी पाठवतोय. सिलिंडर गुरुवारी येणार आहे.

तुझा,
बारा नंबरचा