बॉल उजवीकडेच जायचा

माझा बॉल वळायचा, पण उजवीकडे. म्हणजे नेमका नको तिकडे.

"बाबा, अंगठा आधी सुटू दे. मग बोटांनी उचल आणि शेकहँड करतोस तसा हात वर आण," मुलगी पुन्हा सांगत होती. तिचा आवाज पार सपाट झाला होता. त्या आवाजाची मला भीती वाटते. तिची आई गेल्यापासून ती घरात अशीच बोलते, तेही बोलली तर.

मॉलमधल्या या बोलिंगला मायलेकी दर शनिवारी यायच्या. बायकोचा बॉल उजव्या कडेने निघून शेवटी डावीकडे असा झोकात वळायचा की पिना धाडधाड आडव्या. मी मागे बसून कॉफी प्यायचो आणि नको ते सल्ले द्यायचो. नंतर वर्षभर मुलगी इकडे फिरकली नाही. कॉलेज, घर, आणि खोलीचं बंद दार. मग परवा जेवताना अचानक म्हणाली, "रविवारी जोडीची स्पर्धा आहे. येशील? पण बॉल वळवता आला पाहिजे, नाहीतर मी नाव काढून टाकते."

स्पर्धेचं मला काय घेणंदेणं! पण नाव काढलं की ते दार पुन्हा लागणार, एवढं मला कळत होतं. म्हणून पन्नाशीच्या पुढे, दुसऱ्याने घातलेले भाड्याचे बूट घालून, मी शनिवारी घाम गाळत होतो.

पुढचाही बॉल लेनच्या उजव्या कडेच्या पन्हळीत, त्या गटरमध्ये गेला.

"याची भोकंच चुकीची पाडलीत," मी करवादलो.

ती हसली नाही. बाकावर बसली आणि बुटाची लेस सोडायला लागली. "राहू दे बाबा. घरी जाऊ."

"एकदाच," मी म्हणालो, आणि तिच्या उत्तराची वाट न बघता बॉल उचलला. तोही गटरमध्ये.

मागे वळलो तर ती बॉलकडे बघतच नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.

"परत कर. बॉल न घेता."

मी रिकामा हात फिरवला.

"हे तू घाटावर करतोस," ती म्हणाली. तिने तळहात खोलगट केला आणि अंगठ्याच्या बाजूला कलता केला. मला चटकन कळलं. आमचं घराणं रामकुंडावरच्या उपाध्यायांचं. मी नोकरी धरली, पण लहानपण वडिलांशेजारी, यजमानांना तर्पणाला हात कसा धरायचा ते दाखवण्यात गेलं. देवांना पाणी बोटांच्या टोकांवरून, पितरांना अंगठ्याच्या बाजूने. तो कल मनगटात मुरलेला. गेल्या महिन्यात बायकोच्या वर्षश्राद्धाला असंच पाणी सोडलं होतं. मुलगी मागे मोबाइल घेऊन बसली होती आणि मला तिचा भयंकर राग आला होता.

"मला वाटलं, तू मोबाइल बघत होतीस."

"तुझा हात बघत होते. पाणी सुटेपर्यंत."

ती उठली. माझं मनगट दोन्ही हातांत धरून तिने ते हळूच आत वळवलं.

"ते पाणी आईचं होतं," ती म्हणाली. "हा बॉल माझ्यासाठी टाक."

टाकला. बॉल उजव्या कडेने निघाला, गटरच्या अगदी काठाला आला. मी श्वास रोखून धरला. शेवटी तो जरासा, अगदी जरासा डावीकडे वळला. तीन पिना पडल्या, बाकीच्या तशाच उभ्या. मी मागे बघायचं टाळलं. बघितलं तेव्हा ती पुन्हा बाकावर बसून वाकली होती. बूट काढतेय, गेलं सगळं, असं मला वाटलं.

ती सुटलेली लेस घट्ट बांधत होती.