पडद्यामागून पाहिलेला बोकड

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मुखेडला बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला. गर्दी एवढी, की बायकांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसवलं. आमचे मालक पुढं, पुरुषांत. मुख्य सिनेमाच्या आधी हातानं काढलेल्या चित्रांचा एक छोटा सिनेमा लावला. घरावर रुसलेला एक बोकड गळ्यातली घंटा वाजवत डोंगराकडं निघून जातो, एवढीच गोष्ट.

ही चित्रं हातानं काढतात, इतकं मी ऐकून होते. म्हणून आमच्या नव्या नवरीबाई, म्हणजे मीच, सगळा वेळ अंधारात मान वळवून शोधत होत्या, की इतक्या भराभर चित्रं काढणारा माणूस बसलाय तरी कुठं! पडद्यामागं बसलोय म्हणजे तो आधी आपल्यालाच दिसणार, ही अक्कल. शेवटी शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसलं, "नीट बस की गं!"

परतताना मी म्हटलं, "बिचारा बोकड एकटाच डावीकडं गेला."

"उजवीकडं," मालक म्हणाले.

"डावीकडं! मी काय आंधळी हाय का?"

"आंधळी न्हाईस, येडी हाईस."

हे भांडण जन्मभर पुरलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी निघायचं, "जिला डावं-उजवं कळंना, तिला मीठ काय कळणार!"

खरं तर एकदा आरशात बघून कुंकू लावताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. पडद्यामागून सगळं उलटंच दिसणार! पण मी तोंड उघडलं न्हाई. भांडण मिटलं असतं, आणि आमचे मालक एरवी बोलणारे नव्हते.

ते गेले. आता लातूरच्या या घरात दिवसभर बोलतो तो टीव्हीच.

परवा पुण्याच्या नातीनं तो सिनेमा कुठूनतरी शोधून फोनवर पाठवला. "आजी, उजवीकडंच गेला की! आजोबा बरोबर होते."

"हाव गं बाई," मी म्हटलं. तिला घाई होती, तिनं फोन ठेवला.

मी फोन कपाटाच्या आरशासमोर धरला. आरशातला बोकड डावीकडं निघाला.

"बघा," मी त्यांच्या खाटेकडं वळून म्हटलं, "गेला का न्हाई डावीकडं?"

खाटेवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. घंटा वाजवत बोकड डोंगराआड गेला. मी सिनेमा परत पहिल्यापासून लावला.