फाटक्या कानाचा उंदीर

हमरापूरला आमच्या शेजारी एक काकू राहतात. गणपतीच्या कारखान्यात त्या फक्त उंदीर रंगवतात. ब्रश दातांत धरून बोलायची त्यांना सवय आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, म्हणून त्या मला अजून "कालेजवाली" म्हणतात.

यंदा त्यांच्या परसातल्या खुराड्यात उंदीर शिरले. खुडूक कोंबडीजवळचं एकेक पिल्लू नाहीसं होऊ लागलं.

मी म्हटलं, "काकू, औषध घाला की."

"नाय गो. मेलेल्या उंदराला कोंबड्या टोचतात. मग तीच अंडी तुला देऊ?"

त्यांनी खुराड्याला खालून पत्रा ठोकला आणि सुक्या बोंबलाचं डोकं लावून पिंजरा मांडला.

सकाळी एक मोठा उंदीर सापडला. काकूंनी पिंजरा ओट्यावर ठेवला आणि मातीचा एक उंदीर घेऊन त्याच्यासमोर रंगवायला बसल्या.

"हलू नको. कान कोनी फाडला रं तुझा?" त्या लाडानं विचारत होत्या.

मला वाटलं, आता याला सोडणार. तसं विचारलंही.

"पिल्लं खाल्लीत त्यानं," काकू म्हणाल्या.

काम झाल्यावर त्यांनी रंगवलेला उंदीर सावलीत वाळत ठेवला, ब्रश धुतला आणि पिंजरा पाण्याच्या पिंपात बुडवला.

गणपतीत आमच्या मूर्तीपुढे काकूंनी रंगवलेलाच उंदीर होता. आरतीला टाळ्या वाजवताना माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्याचा एक कान फाटका होता.