शिर्केमॅडमची दिल्लीची गाडी

स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम आणत नाही. ते डब्यांबरोबर येतात, आणि डबे धुऊन घरी गेले तरी इथेच राहतात. आमच्या बडोद्यातल्या निजामपुऱ्याच्या शाळेत सगळ्यात जास्त किस्से जमवले ते एका गाडीने.

गाडी शिर्केमॅडमची. त्या आमच्या पी.टी.च्या बाई. पूर्वज संस्थानच्या घोडदळात, आणि मॅडमचा आवाज अजून तिथलाच. पन्नाशीत त्या ड्रायव्हिंग शिकल्या आणि स्वतःची गाडी घ्यायची म्हणाल्या. त्यांचे यजमान म्हणाले, "गाडी कशाला? मी सोडतो ना स्कूटरवर."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

*

अकाउंट्सचे पारेखसर मदतीला धावले. दिल्लीत जुनी डिझेल गाडी ठेवता येत नाही, म्हणून तिकडे स्वस्तात मिळते, आणि लकीजी नावाचा दलाल ती फोनवर दाखवून घरपोच पाठवतो, हे त्यांनीच सांगितलं. मधल्या सुट्टीत डब्याला फोन टेकवून आम्ही सगळे बघायला बसलो.

पहिली गाडी दाखवताना लकीजी म्हणाला, "डॉक्टर साहब की है, बहुत संभाल के रखी है." दुसरीही डॉक्टरांची निघाली. तिसरी डॉक्टरीणबाईंची.

पारेखसर म्हणाले, "लकीजी, दिल्ली के सब डॉक्टर गाडी बेचने बैठे हैं, तो बीमारों को कौन देखता है?"

लकीजीने कॅमेरा पुढच्या गाडीकडे वळवला. मग म्हणाला, "तो चौथी वाली देखिए सर. ये मरीज की है."

मॅडमनी चौथी पसंत केली. म्हणाल्या, "एवढं एकच वाक्य खरं वाटलं."

*

पसंत केली म्हणजे घेतली असं नाही. "आमच्याकडे घोडा चालवून, पळवून, दात बघून घ्यायचे," मॅडम म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हिडिओ कॉल लावला. लकीजीला गाडी पुढे न्यायला लावली, मागे आणायला लावली, बॉनेट उघडायला लावलं. शेवटी तो बिचारा फोन घेऊन गाडीखाली झोपला. बाहेर आला तेव्हा पांढऱ्या शर्टावर काळे पट्टे.

"मॅडम, गाडी लेनी है या शादी करनी है?"

"शादी में नहीं देखा था," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "इसीलिए अब देख रही हूँ."

मागे पारेखसरांना ठसका लागला. पाणी मीच दिलं.

*

गाडी रविवारी सकाळी समा भागातल्या मॅडमच्या सोसायटीत आली. ती येणारच नाही, असं यजमानांनी सगळ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बघायला सगळे शेजारी गेटवर. मीही गेले होते. लकीजी म्हणाला होता की ड्रायव्हर एकटाच येईल. गाडीतून उतरले ड्रायव्हर, त्याची बायको आणि सासू. गुजरातला जातोच आहेस तर आम्हालाही द्वारका घडव, म्हणून दोघी बसल्या होत्या.

मॅडमनी तिघांनाही पोहे केले. चहा संपेपर्यंत सासूबाईंनी गाडीची कुंडली मांडली. मागची डावी काच अर्ध्यात अडकते, चढावर एसी बंद करायचा, ब्रेक दाबला की बारीक कुरकुर होते.

मॅडमचा चेहरा उतरला. दारात यजमान हाताची घडी घालून उभे होते. मॅडमनी हळूच विचारलं, "माँजी, गाडी अच्छी तो है ना?"

"गाडी तो बहुत अच्छी है, बेटी," सासूबाई म्हणाल्या. "दामाद ठीक से नहीं चलाता."

*

इथला नंबर मिळेपर्यंत दिल्लीचीच पाटी होती. शाळेत तेव्हा थेट दिल्लीहून तपासणी येणार अशी कुणकुण होती. प्रिन्सिपलसाहेबांनी सकाळी गेटपाशी दिल्लीची गाडी पाहिली आणि पळापळ सुरू झाली. वर्ग चिडीचूप. महिनाभर राहून गेलेली आकृती मी फळ्यावर काढून मोकळी झाले. प्यून फुलांचा गुच्छ घेऊन आला.

साहेब गुच्छ घेऊन लायब्ररीत गेले, लॅबमध्ये गेले, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले. शेवटी मैदानावर शिट्टी वाजवणाऱ्या शिर्केमॅडमना त्यांनी विचारलं, "बहेन, दिल्लीवाला साहेब कई बाजु गया?"

"कोणता साहेब? गाडी माझी आहे, सर."

साहेबांनी गुच्छाकडे पाहिलं, आमच्या खिडक्यांमधल्या तोंडांकडे पाहिलं, आणि तो मॅडमच्या हातात दिला.

"एटले ज लाव्यो छुं. अभिनंदन." म्हणे, म्हणूनच आणलाय!

*

यजमान मात्र गाडीत बसेनात. "परमुलखातलं जनावर" म्हणायचे आणि स्कूटरला किक मारायचे. पण मॅडमच्या लक्षात आलं की रोज सकाळी सीट मागे सरकलेली असते. आरसा वर झालेला. त्यांनी विचारलं तर म्हणाले, "बॅटरी उतरू नये म्हणून सोसायटीतच एक फेरी मारतो."

मॅडमनी मागच्या सीटखालून सेवउसळीच्या पार्सलचा रिकामा डबा काढून समोर ठेवला.

"सोसायटीत कोणाकडे मिळते ही?"

त्या दिवसापासून यजमान उघडपणे गाडीत बसू लागले. शेजारच्या सीटवर. मॅडम चालवतात, ते खड्डे सांगतात.

*

यंदा लकीजी स्वतः बडोद्याला आला. त्याच्या मुलीला इथे कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मॅडमनी त्याला घरी चहाला बोलावलं, पारेखसर आणि मी होतोच. फोनवर एवढा दणदणीत वाटणारा माणूस प्रत्यक्षात किरकोळ, मृदू. बाकरवडी त्याला फार आवडली. मुलीचं होस्टेल लांब पडतं म्हणाला. मग संकोचत मॅडमना म्हणाला, "दीदी, बेटी के लिए यहाँ कोई अच्छी सी गाडी देख दीजिए."

पारेखसरांना कळेना. "अरे लकीजी, तुम्हारे पास तो दिल्ली में लाइन लगी है. वहीं से एक भेज दो."

लकीजीने कप खाली ठेवला.

"सर," तो म्हणाला, "बेटी का मामला है."